टेबलावर आई एकटी नसेल

एका ताईंचं पत्र आलं आहे. त्या लिहितात:

«माझी आई ७१ वर्षांची आहे. गेल्या महिन्यात तिची अँजिओग्राफी झाली. मनगटातून सुरू केली, पण हाताची नस आखडली, तिला खूप दुखलं, ती रडायला लागली. शेवटी जांघेतून करावी लागली. ‘हलू नका, हलू नका’ एवढंच सगळे सांगत होते, असं ती म्हणते. मध्येच झोपेचं इंजेक्शन दिलं आणि त्यानंतर दिवसभर ती असंबद्ध बोलत होती, मला ओळखेना. आता दहा दिवसांनी अँजिओप्लास्टी ठरली आहे. तिचं एकच पालुपद आहे, ‘त्या टेबलावर मी परत जाणार नाही, आणि न्यायचंच असेल तर ते इंजेक्शन नको.’ दिवसभर काहीतरी विणत बसणारी बाई, महिनाभर सुया हातात घेतलेल्या नाहीत. औषधांशिवाय तिची भीती आणि दुखणं कमी करता येतं का? की मी उगाच आशा धरून बसले आहे?»

ताई, आशा उगाच नाही. मी बावीस वर्षं कॅथ लॅबमध्ये, म्हणजे अँजिओग्राफी-अँजिओप्लास्टी करतात त्या खोलीत, सिस्टर होते. तुमच्या आईसारख्या कितीतरी जणी त्या टेबलावर डोळे घट्ट मिटून, पायाची बोटं आवळून पडलेल्या मी पाहिल्या आहेत. त्यातल्या कितीजणी पंधरा-वीस मिनिटांत सैल पडल्या, हेही पाहिलं आहे. पण आधी एक सांगते. आईला झालं ते तिच्या भित्रेपणामुळे झालं, असं घरात कोणी म्हणत असेल तर ते आजच थांबवा.

मनगटातली धमनी बारीक असते आणि तिच्या भिंतीत स्नायू भरपूर असतात. बायकांमध्ये ती आणखी बारीक. माणूस घाबरला की शरीरात अ‍ॅड्रेनलिन वाढतं, आणि ही धमनी अ‍ॅड्रेनलिनला फार लवकर दाद देते, म्हणजे आखडते. आखडलेल्या नसेतून कॅथेटर, म्हणजे तपासणीची बारीक नळी, सरकवला की दुखतं. दुखलं की भीती वाढते, भीती वाढली की नस आणखी आखडते. आईच्या बाबतीत हे चक्र फिरलं आणि ते तोडायला त्या क्षणी कोणी नव्हतं. म्हणूनच या कामात भीती घालवणं ही वरवरची माया नाही, तो कामाचाच भाग आहे. शांत माणसाची नस ढिली राहते, नाडी आणि रक्तदाब फार उसळत नाहीत, डॉक्टरांचा हातही निवांत चालतो.

आता त्या इंजेक्शनबद्दल. औषधाशिवायचे उपाय म्हणजे औषध नाकारणं नव्हे. बधीर करायचं इंजेक्शन, नस सैल करायचं औषध, रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या, यांतलं काहीही टाळायचं नाही. गोळ्या तर आपल्या मनाने एक दिवसही बंद करायच्या नाहीत. राहिलं झोपेचं औषध. वय झालेल्या माणसांना काही झोपेच्या औषधांनी असा भ्रम होतो, हे डॉक्टरांना चांगलं माहीत असतं. पण तुमच्या आईला तो झाला होता, हे या वेळच्या डॉक्टरांना माहीत असेलच असं नाही. तुम्ही ते लेखी द्या. कोणत्या दिवशी झालं, किती तास राहिलं, माणसं ओळखत होती की नाही, सगळं. मग ते औषध बदलतील, मात्रा कमी करतील किंवा गरज पडली तरच द्यायचं ठरवतील. निर्णय त्यांचा, पण माहिती तुमची. आणि आईला हेही सांगा, की सगळं करूनही टेबलावर सहन होईनासं झालं तर औषध मागण्यात हार नाही.

आता दहा दिवस हातात आहेत, त्यांचं काय करायचं?

पहिलं काम, आईला खरं सांगायचं. घरचे लोक मायेपोटी ‘काही नसतं गं, मुंगी चावल्यासारखं’ म्हणतात, आणि टेबलावर मुंगीपेक्षा जास्त काही झालं की त्या माणसाचा सगळ्यांवरचा विश्वास उडतो. त्यापेक्षा काय काय जाणवेल ते क्रमाने सांगा. खोली गार असते, कारण यंत्रं गार ठेवावी लागतात. आधीच एक जादा पांघरूण मागून घ्यायचं. टेबल अरुंद आणि कडक असतं. मनगटावर आणि जांघेत जंतुनाशक लावतात ते थंड लागतं. क्ष-किरणांचं मोठं यंत्र छातीच्या आजूबाजूला फिरतं, कधी तोंडाच्या बरंच जवळ येतं, पण अंगाला लागू देत नाहीत. मग बधीर करायचं इंजेक्शन, ते काही सेकंद चुरचुरतं आणि मग तो भाग जड होतो. त्यानंतर दाब जाणवतो, ओढल्यासारखं वाटतं. कॅथेटर आत पुढे सरकतो तेव्हा मात्र बहुतेकांना काहीच कळत नाही, कारण धमनीच्या आतल्या अस्तराला असा स्पर्श जाणवत नाही. डाय, म्हणजे क्ष-किरणात नस दिसावी म्हणून सोडतात ते द्रव्य, सोडल्यावर कधीकधी अंगभर ऊब पसरते, लघवी झाली की काय असं वाटतं. झालेली नसते, आणि ती ऊब लगेच ओसरते.

हे शेवटचं वाक्य आईला दोनदा सांगा. बायका या एका गोष्टीने फार ओशाळतात आणि ओशाळून आक्रसतात.

अँजिओप्लास्टीत, म्हणजे अरुंद झालेली नस आतून फुग्याने रुंद करतात त्यात, एक गोष्ट वेगळी असते. फुगा फुगवतात तेव्हा काही सेकंद त्या नसेतला रक्तपुरवठा थांबतो आणि छातीत दाब किंवा कळ येऊ शकते. फुगा सोडला की ती उतरते. आईला आधी माहीत असेल तर तिला ती कळ म्हणजे ‘आता संपलं’ असं वाटणार नाही. तरीही ती जाणवली की बोलायचं, गप्प बसायचं नाही. छातीत दुखणं, श्वास अडकणं, अंगाला खाज सुटणं, घसा आवळणं, यांतलं काहीही झालं तर तिथल्या तिथे सांगायचं. रुग्णाला जागं ठेवतात त्याचं एक कारण हेच आहे, त्याचं बोलणं डॉक्टरांच्या उपयोगी पडतं. १९७७ साली झुरिकमध्ये आंद्रेआस ग्रुएन्टझिग यांनी हृदयाच्या धमनीत पहिल्यांदा फुगा फुगवला, तेव्हाचा रुग्णही जागाच होता.

आणि त्याच्याही आधीची गोष्ट आईला सांगायची असेल तर ही सांगा. १९२९ मध्ये जर्मनीतल्या व्हर्नर फोर्समन या तरुण डॉक्टरने स्वतःचा हात बधीर करून शिरेतून नळी स्वतःच्याच हृदयापर्यंत नेली, आणि ती नळी तशीच आत ठेवून तो चालत क्ष-किरणाच्या खोलीत गेला, फोटो काढून घ्यायला. पुढे १९५६ मध्ये त्याला नोबेल मिळालं. मी ही गोष्ट टेबलाशेजारी कित्येकदा सांगितली आहे. ‘नळी हृदयात घेऊन चालला?’ असं विचारताना माणूस क्षणभर स्वतःची नळी विसरतो.

खरं सांगायचं म्हणजे भीती दाखवायची असं मात्र नाही. शब्दांचाही इलाज असतो आणि शब्दांची इजाही होते. एल्विरा लँग या डॉक्टर बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये एक अभ्यास छापला. रुग्णांना टोचण्याआधी काय बोललं जातं, त्याच्या चित्रफिती त्यांनी तपासल्या. ‘आता टोचेल हं, आग होईल’ अशी सूचना दिली की वेदना आणि धास्ती वाढत होती. नंतर ‘फार नाही ना दुखलं?’ असं हळहळून विचारण्याचाही फायदा होत नव्हता. आम्ही सिस्टर मंडळी वर्षानुवर्षं नेमकं हेच, अगदी मायेने, करत होतो. ते वाचल्यावर मी माझं वाक्य बदललं. ‘काकू, आता बधीर करायचं औषध देतेय, म्हणजे पुढचं सोपं जाईल. श्वास सोडा.’ एवढंच. ‘घाबरू नका’ हेही सोडून दिलं, कारण त्यात ऐकणाऱ्याला फक्त ‘घाबरू’ ऐकू येतं. तुम्हीही दहा दिवस घरात ‘घाबरायचं नाही हं’ म्हणू नका. काय करायचं ते सांगा, काय करायचं नाही ते नको.

याच लँग बाईंची त्याआधीची, २००० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेली चाचणी मला सगळ्यात जास्त पटलेली आहे. रक्तवाहिन्या आणि मूत्रपिंडाच्या अशाच जागेपणी करायच्या प्रक्रियांसाठी आलेले २४१ रुग्ण तीन गटांत वाटले. एका गटाला नेहमीची सेवा. दुसऱ्या गटाजवळ एक माणूस बसवला, त्याचं काम एवढंच की रुग्णाकडे नीट लक्ष द्यायचं, त्याचं ऐकायचं. तिसऱ्या गटाला त्याच माणसाने स्वतःच स्वतःला शिथिल करायला, मनाने आवडत्या जागी जायला शिकवलं; यालाच हिप्नोसिस, म्हणजे स्वतःच केलेलं संमोहन, म्हणतात. तिन्ही गट हवं तेव्हा औषध मागू शकत होते. दुसऱ्या आणि तिसऱ्या गटांना पहिल्याच्या मानाने निम्म्याच्या आसपास औषध पुरलं. पहिल्या दोन गटांत वेळ जाईल तशी वेदना चढत गेली, तिसऱ्यात ती चढली नाही. आणि गंमत बघा, सरासरी वेळही कमी लागला: नेहमीच्या सेवेत ७८ मिनिटं, नुसतं लक्ष दिलं तर ६७, शिथिल व्हायला शिकवलं तर ६१. ‘रुग्णाशी बोलत बसायला वेळ कुठे आहे’ असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी हे आकडे ऐकवते.

म्हणजे आईला काय हवं आहे? डोक्याशी एक माणूस आणि मनात जायला एक जागा.

जागा तुमच्या पत्रातच आहे, ताई. तुमची आई विणते. विणकाम करणाऱ्या बाईला हिप्नोसिस शिकवावं लागत नाही, ते तिला अर्धंअधिक येतंच. अशाच एक बाई मला आठवतात, टेबलावर आल्या तेव्हा मॉनिटरवर नाडी ११८ होती. बोलता बोलता कळलं की नातवासाठी मोजे विणायला घेतलेत. मी म्हटलं, मग इथेच विणा. किती टाके घातले? काठाची बरगडी-वीण कितीची? त्यांनी डोळे मिटले आणि ओठ हलायला लागले, ‘दोन सुलटे, दोन उलटे, दोन सुलटे…’ हिरव्या चादरीखाली डाव्या हाताची तर्जनी जेमतेम गुंजभर हलत होती, जणू धागा पुढे सारत होती. मनगटात शीथ, म्हणजे कॅथेटर ज्यातून आत घालतात ती आखूड नळी, गेली तेव्हा त्या एकदा थांबल्या, ‘एक टाका निसटला’ म्हणाल्या, तो उचलला आणि पुढे चालू. टाचेपर्यंत येईतो काम झालं होतं. नाडी ८४.

तर आईला आजपासून रोज दोनदा, वीस-वीस मिनिटं, पलंगावर उताणं झोपवा. उशी पातळ, हात बाजूला, कारण तिथे तसंच पडायचं आहे. आधी श्वास. चार आकडे मोजत नाकाने आत, सहा आकडे मोजत सावकाश बाहेर. म्हणजे मिनिटाला सहा श्वास होतात. बाहेरचा श्वास लांबवला की नाडी उतरते, हे शरीराचं साधं गणित आहे. जोर लावून खोल श्वास घ्यायचा नाही, चक्कर येईल. पाच मिनिटं श्वास झाला की मनातल्या मनात विणायला घ्यायचं. रंग, लोकर, सुयांचा गारवा, टाक्यांची संख्या, सगळं बारकाईने. मध्येच तुम्ही मुद्दाम दार वाजवा, भांडं पाडा, तिच्या मनगटावर बोटाने दाबा, आणि तिला तिथूनच पुन्हा टाका उचलू द्या. सरावाशिवाय हे टेबलावर ऐनवेळी जमत नाही. दहा दिवस पुरेसे आहेत.

एक सावधगिरी तेवढी. फोटो घेताना डॉक्टर ‘श्वास घ्या, धरा’ म्हणतील किंवा खोकायला सांगतील. त्या वेळी आपला ताल सोडून त्यांचं ऐकायचं. सूचना संपली की परत सहाचा उच्छ्वास.

आता डोक्याशी माणूस. घरच्यांना बहुतेक ठिकाणी आत सोडत नाहीत. क्ष-किरण असतात, जंतुविरहित जागा असते. तरी विचारून बघायला काही हरकत नाही. नाहीच म्हणाले तर आदल्या दिवशी कॅथ लॅबच्या सिस्टरना किंवा टेक्निशियनना भेटा आणि स्पष्ट सांगा: ‘मागच्या वेळी आई फार घाबरली होती. उद्या कोणीतरी एकजण तिच्याशी अधूनमधून बोलाल का? आणि शक्य होईल तेव्हा रिकामा हात धराल का?’ असं कोणी मागितलं की आम्हाला राग येत नाही, उलट बरं वाटतं. हात धरण्यात नुसती भावना नाही. २००६ मधल्या एका प्रयोगात १६ विवाहित स्त्रियांना विजेचा सौम्य झटका बसेल अशी धास्ती दिली आणि त्यांचा मेंदू स्कॅनरमध्ये पाहिला. नवऱ्याचा हात हातात असताना मेंदूतली धोक्याची धावपळ सगळ्यात कमी होती, पण अनोळखी माणसाचा हातसुद्धा काही प्रमाणात उपयोगी पडला. तुमचा हात नसला तरी सिस्टरचा चालेल, असं आईला सांगा.

बोलणारा माणूस एकच असावा, हेही मागून घ्या. चौघं एकदम ‘हलू नका’ म्हणाले की रुग्ण गोठतो, आणि गोठलेला माणूसच दचकून हलतो.

संगीताचं म्हणाल तर, जरूर. वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या २०१३ च्या आढाव्यात हृदयविकाराच्या रुग्णांवरच्या २६ चाचण्या, मिळून १३६९ माणसं, एकत्र पाहिली होती. संगीताने धास्ती कमी होते, आणि रुग्णाने स्वतः निवडलेलं असेल तर जास्त, असं त्यात दिसलं. परिणाम मध्यम आहे, चमत्कार नाही. गाणी आईने निवडायची, तुम्ही नाही. एकाच कानात, हळू आवाजात, म्हणजे दुसऱ्या कानाने सूचना ऐकू येतील. इअरफोन चालेल का हे आधी विचारा. काही लॅबमध्ये खोलीतच गाणी लावतात. ऐकायचं यंत्र वापरत असेल तर ते काढू नका म्हणावं, निम्मी भीती न ऐकू आल्याची असते. डोळ्यांवर लावायचे व्हीआर चष्मेही काही रुग्णालयांत वापरायला लागले आहेत. असेल आणि आईला आवडत असेल तर ठीक, पण त्यामागे धावू नका. सुगंधी तेलं वगैरे माझ्या मते सोडून द्या, त्या खोलीत वास नकोच असतात.

लहान लहान गोष्टी विसरू नका, त्यांनीच माणूस हैराण होतो. टेबलावर चढायच्या अगदी आधी लघवीला जाऊन यायचं, कारण सलाइन आणि डाय दोन्ही मूत्राशय भरतात आणि भरलेल्या मूत्राशयाने कोणी शांत पडू शकत नाही. तरी आलीच तर भांडं मागायचं, लाजायचं नाही. कंबर दुखत असेल तर गुडघ्याखाली छोटी उशी देता येईल का ते सुरुवातीलाच विचारायचं. मनगटातून करणार असतील तर तो हात आधीपासून पांघरुणात, उबेत ठेवायचा, गार हाताची नस लवकर आखडते. आणि मागच्या वेळी नस आखडली होती हे डॉक्टरांना पुन्हा सांगा, म्हणजे कुठून करायचं, कुठली बारीक शीथ वापरायची, ते आधीच ठरवतील.

माझ्या अनुभवात बऱ्याच जणांना प्रक्रियेपेक्षा नंतरचंच जास्त जड जातं, आणि त्याबद्दल कोणी आधी बोलत नाही. जांघेतून केलं असेल तर शीथ काढल्यावर तिथे हाताने पंधरा-वीस मिनिटं घट्ट दाबून धरतात. तो दाब नकोसा वाटतो, काहींना चक्कर येते, घाम फुटतो. तसं वाटलं की लगेच सांगायचं. या वीस मिनिटांसाठीही एक वीण राखून ठेवायची. त्यानंतर पाय सरळ ठेवून काही तास पडून राहायचं असतं, तेव्हा मात्र तुम्हाला आत सोडतील. मनगटातून केलं तर पट्टा बांधतात आणि टप्प्याटप्प्याने सैल करतात. बोटं जरा सुजतात, मुंग्या येतात. बोटं बधिर पडली, निळी-काळी दिसायला लागली किंवा रक्त झिरपलं तर सिस्टरना हाक मारा.

जाता जाता, ज्यांची अ‍ॅब्लेशन (हृदयाची बिघडलेली लय सुधारायची प्रक्रिया) किंवा पेसमेकर ठरला आहे त्यांनीही याच पत्रातलं घ्यावं. अ‍ॅब्लेशनला वेळ जास्त लागतो आणि डॉक्टर मुद्दाम धडधड सुरू करून पाहतात, ती अचानक आली की माणूस हबकतो. म्हणून ‘आता धडधडेल, आम्हीच करतोय’ असं आधी सांगा, अशी विनंती करून ठेवा. काही प्रकारच्या अ‍ॅब्लेशनमध्ये दुखतंच, तिथे गुंगी किंवा पूर्ण भूल लागते, ती घ्यावी.

ताई, आईशी बोलायला आज संध्याकाळीच बसा. सुरुवात अँजिओप्लास्टीपासून करू नका. आधी तिला मागच्या वेळचं सगळं सांगू द्या, मध्ये न तोडता, रडली तरी. महिनाभर तिने ते एकटीने धरून ठेवलं आहे. तिचं सांगून झालं की सुया आणि लोकर तिच्या मांडीवर ठेवा आणि विचारा, टेबलावर काय विणायचं, कोणासाठी, कुठल्या रंगाचं, किती टाक्यांचं. खरोखरीच्या सुयांवर एक वीतभर इथेच विणून घ्या, म्हणजे तिथे पुढचं मनाने विणता येईल.